लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा

निर्णायक सिस्टिम्सचे मालक गोपाळकृष्ण सोवनी एका शनिवारी हॉटेलात भरलेल्या व्यवसायवृद्धीच्या शिबिराला जाऊन आले आणि सोमवारी सकाळी नारायण पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक शाईचं पेन येऊन पडलं. साल दोन हजार पाच. ऑफिसात माणसं सतरा, कॉम्प्युटर एकोणीस, आणि चालू स्थितीतलं बॉलपेन एकच. तेही कुरिअरवाला सही घ्यायला येताना स्वतःचं आणायचा ते.

सोवनींनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, की ई-मेल हल्ली कुणीही सोम्यागोम्या पाठवतो. ग्राहकाला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, तर तो जन्माचा बांधला जातो. तेव्हा प्रत्येकानं आपापल्या ग्राहकाला एक चिठ्ठी लिहायची, मनापासून लिहायची आणि शुक्रवारी पाचच्या आत रजिस्टरला नोंदवून टपालात टाकायची. मनापासून लिहिलंय की नाही हे तपासणार कोण, असं आनंद नावाच्या प्रोग्रामरनं विचारलं, तेव्हा ते काम एचआरच्या श्रद्धाकडे सोपवण्यात आलं.

संतोष गावंडेच्या वाट्याला आलेला ग्राहक म्हणजे भोसरीची त्रिदल ऑटो पार्ट्स. निर्णायकनं त्यांना पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर दिलं होतं आणि ते नीट चालतं ठेवणं हे संतोषचं काम होतं. तिथल्या अधिकारी प्रियदर्शनी ओगले. वय पस्तिशीच्या आत, बोलणं गोड, आणि आठवड्याला एक फोन ठरलेला. "गावंडे, एक छोटासा चेंज होता," अशी सुरुवात व्हायची. पगाराच्या स्लिपवरचा निळा रंग जरा कमी निळा करा. रजेचा रकाना डावीकडे घ्या. आता पुन्हा उजवीकडे घ्या. हे सगळं फुकट. तीन वर्षांत असे एकशे बारा छोटेसे चेंज झाले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांसाठी संतोषचा रविवार गेला होता.

पण तोंडावर बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. पुण्यात येऊन सहा वर्षं झाली, वारज्यात दोन खोल्यांचा संसार थाटला, तरी या शहराच्या बोलण्याची त्याला सवय झाली नव्हती. पहिल्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात त्यानं खिळे मिळतील का विचारलं, तर मालक म्हणाले, "नाही, बाहेर पाटी गंमत म्हणून लावलीय." असल्या बोलण्याला उत्तर त्यालाही सुचायचं, फक्त ते सुचायचं वारज्याच्या चौकात पोचल्यावर, आणि तिथून परत जाऊन कुणाला काही सांगण्यात अर्थ नसायचा.

चिठ्ठी लिहायला बसला तेव्हा त्याची मोठीच पंचाईत झाली. धंद्यातल्या बाईला मनापासून काय लिहायचं? मग त्याला वडील आठवले. रंगराव गावंडे प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात फोन येईपर्यंत दर पंधरवड्याला कुणा ना कुणाला पोस्टकार्ड लिहायचे, आणि माणूस कोणीही असो, शेवटची ओळ एकच. त्याच वळणानं, त्याच अदबीनं संतोषनं लिहिलं:

"मा. ओगले मॅडम यांस, सप्रेम नमस्कार. गेली तीन वर्षे आपण आमच्यावर विश्वास ठेवलात. आपण वेळोवेळी सुचवलेल्या बदलांमुळे आम्हांला पुष्कळ शिकायला मिळाले. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही नम्र विनंती. आपला, संतोष गावंडे."

श्रद्धानं वाचलं, मनापासून वाटतंय असा शेरा रजिस्टरात मारला आणि पाकीट रवाना केलं.

चौथ्या दिवशी प्रियदर्शनीचा फोन आला. आवाजातला गोडवा पार गेलेला. तिनं सांगितलं, की परवा पाठवलेली बदलांची नवी यादी तूर्त बाजूला ठेवा. यापुढे प्रत्येक बदलाची रीतसर ऑर्डर निघेल. संतोषला काय बोलावं कळेना, म्हणून त्यानं आभार मानले.

"तुमचं पत्र मिळालं, गावंडे," ती म्हणाली. "पॉइंट कळला."

संतोषला वाटलं, बाईंना पत्र फार आवडलं. सोवनींना तर आकाश ठेंगणं झालं. तीन वर्षं जे मीटिंगांनी झालं नाही, ते चार ओळींनी झालं होतं. त्यांनी पत्राची नक्कल मागवली, दोनदा वाचली. सोवनी पंचावन्न वर्षांचे, सदाशिव पेठेत वाढलेले. त्यांच्या घरच्या मुंजीच्या पत्रिकांतही हीच ओळ असायची. त्यांना त्यात वावगं काय दिसणार? त्यांनी फर्मान काढलं, की बेचाळीसच्या बेचाळीस ग्राहकांना हाच मजकूर गेला पाहिजे. मात्र हातानंच, आणि मनापासूनच.

पुढचे दोन दिवस ऑफिसात शाळेसारखी शांतता होती. ज्यांची बोटं कळफलकावर वाऱ्यासारखी फिरायची, ते एकेका वेलांटीला घाम पुसत होते. 'वृद्धिंगत' हा शब्द बऱ्याच जणांना झेपला नाही. आनंदनं तर आपल्यापुरता तो सोपा करून "लोभ आहेच, तो वृद्ध व्हावा" असं लिहून दिलं. श्रद्धाला तेही मनापासून वाटलं.

उत्तरं यायला आठवडाही लागला नाही. चाकणच्या एका कारखान्यानं वकिलाकरवी विचारलं, की आमच्या अशिलांस लोभी म्हणण्याचा आणि तो लोभ वाढावा अशी कुत्सित प्रार्थना करण्याचा आपणांस अधिकार काय. एका तरुण उद्योजकानं चिठ्ठीच परत पाठवली, पाठीमागे लिहिलं होतं, "आमचा लोभ दिसला, स्वतःचं सॉफ्टवेअर बघा." तिसऱ्यानं करारच मोडला. जुन्या वळणाच्या ग्राहकांना मात्र ओळ नेहमीचीच वाटली, त्यामुळे त्यांनी तिची दखलही घेतली नाही.

अपवाद हडपसरच्या बजरंगशेठ भिंताड्यांचा. सत्तरी ओलांडलेले शेठ काठी टेकत स्वतः जिना चढून आले. थोरले बंधू गेल्यापासून आपल्याला असं कुणी लिहिलं नव्हतं, म्हणाले. लोभ वृद्ध व्हावा, म्हणजे म्हातारपणापर्यंत टिकावा, किती सुंदर कल्पना. लिहिणाऱ्याला भेटायचं होतं त्यांना. आनंदला पुढे केल्यावर त्यानं ओशाळून त्यांच्या पायांना हात लावला आणि शेठचे डोळे भरून आले. सोवनींनी संधी साधून नव्या आवृत्तीचा विषय काढला. तेव्हा कळलं, की शेठनी तीन महिन्यांपूर्वीच कारखाना विकला होता.

एव्हाना संतोषच्या डोक्यात प्रकाश पडला होता. पत्रातल्या लोभाचा अर्थ माया, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या पिढीला लोभ म्हणजे फक्त हाव. त्यातून पत्र पुण्यातून आलेलं. म्हणजे सरळ अर्थानं लिहिलेलं असणं शक्यच नाही, अशी वाचणाऱ्याची खात्री. ज्या माणसाला सहा वर्षांत एक टोमणा वेळेवर मारता आला नव्हता, त्याच्या नावावर शहरातला सर्वांत जहरी टोमणा जमा झाला होता. त्यानं रात्री वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. रंगरावांना काही केल्या पटेना. "लोभ नाही तं मंग काय मागावं माणसानं?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

सोवनींनी पेनं परत गोळा केली आणि संतोषला त्रिदलला लेखी खुलासा करायला सांगितलं. आता काही लिहायची त्याची छाती नव्हती. तो स्कूटर काढून सरळ भोसरीला गेला.

प्रियदर्शनीनं त्याला बसा म्हटलं आणि स्वतः मात्र खुर्चीत ताठ झाली. त्यानं सांगून टाकलं: वडिलांची सवय, पोस्टकार्डं, लोभ म्हणजे माया, आपला हेतू तसा मुळीच नव्हता. ती ऐकत राहिली. मग तिनं टाइमकीपर कांताबाईंना आत बोलावून शब्दाचा अर्थ विचारला. कांताबाईंनी तो तसाच सांगितला, आणि एवढंही माहीत नाही का, असं तोंड करून त्या गेल्या.

प्रियदर्शनीचा चेहरा उजळला. पण थोडी निराशही झाल्यासारखी वाटली.

"मी चार जणांना सांगितलं होतं, काय सणसणीत लिहिलंय गावंड्यांनी म्हणून," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात तर."

आणि हे बोलता बोलता तिनं ड्रॉवर उघडून बाजूला ठेवलेली यादी काढली. सतरा छोटेसे चेंज. कागद तिनं त्याच्यासमोर सरकवला, अगदी पूर्वीच्याच गोडीनं.

संतोषनं कागदाकडे पाहिलं. पहिलीच ओळ होती, निळा रंग पूर्वीसारखा करा. हो म्हटलं की सगळं होतं तसं सुरळीत होणार होतं. सोवनींचा जीव भांड्यात पडणार होता. वारज्याचा चौक इथून फार लांब होता.

"मॅडम, राग होता," तो म्हणाला. "पत्रात नव्हता."

बाहेर शिफ्टचा भोंगा झाला. संतोषला वाटलं, आता उठा म्हणतील. ती म्हणाली, "कधीपासून?"

"निळ्या रंगापासून."

तिला हसू आलं. तिनं ते लपवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग तिनं पेन्सिल घेतली. कोणत्या बदलाला किती दिवस लागतात, असं तिनं त्याला प्रथमच विचारलं, आणि उत्तरं ऐकून तिचे डोळे विस्फारले. आपण सांगतो ते पाच मिनिटांचं काम असतं, अशी तिची तीन वर्षं समजूत होती. नाही असं त्यानंही तिला कधी सांगितलं नव्हतं. तेरा बदल तिनं स्वतःच्या हातानं खोडले. तीन बदलांची रीतसर ऑर्डर काढायचं ठरलं.

उरला एक. पगाराच्या स्लिपवर कामगाराच्या रक्तगटाच्या आधी त्याची रास छापायची. हा कशासाठी, असं संतोषनं विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. दोघं त्या ओळीकडे थोडा वेळ पाहत बसले. मग संतोषनं डायरी काढली आणि हा पुढच्या रविवारी करून देतो म्हणाला.