चिकटपट्टीखालची बटणं

मित्रांनो, गुडघ्याएवढा उंच, काळ्या रेक्झिनचा आणि एका कोपऱ्याला पोपडा निघालेला जुना अॅम्प्लिफायर आहे मी. विजेवरच्या गिटारची तार नुसती छेडली तर शेजारी बसलेल्यालाही ती धड ऐकू येत नाही. तो बारीक आवाज वायरीतून माझ्या पोटात येतो आणि स्पीकरमधून खोलीभर होऊन बाहेर पडतो. एवढंच माझं काम. पण त्या कामाने मला एक रविवार असा दाखवला, की तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या. दुसऱ्या बाईंनी मला वीज दिली, एक सूर वाजवून पाहिला, मान डोलावली आणि माझ्या पाठीच्या आत पेन्सिलीने बरोबरची खूण केली. माझं पहिलं कौतुक ते.

मग दुकान आलं. तिथे मी सगळ्यात खालच्या फळीवर होतो. वरच्या फळीवर माझे धिप्पाड भाऊबंद बसलेले. गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी वर जायची आणि बहुधा तिथेच राहायची. दुकानदार बुटाची नाडी बांधताना माझ्यावर पाय ठेवायचा. असं दीड वर्ष गेलं.

एके दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांच्या नखांत ग्रीस होतं आणि मुलीच्या खांद्यावर गिटार.

"बाबा, तो वरचा. शंभर वॅटचा."

"कुठे वाजवणार आहेस? स्टेडियममध्ये?"

"छोट्या कार्यक्रमांत."

"छोट्या म्हणजे माणसं किती?"

"चाळीस-पन्नास."

"मग चाळीस-पन्नास माणसांचा दाखवा हो," बाबा दुकानदाराला म्हणाले. "आणि एवढ्यात बसणारा." त्यांनी खिशातलं पाकीट वर धरलं. दुकानदाराने पाकिटाची जाडी पाहिली आणि नजर आपोआप खालच्या फळीवर आणली.

बाबांची निवडायची तऱ्हा निराळी होती. त्यांनी मुलीला वाजवायला बसवलं, स्वतः दुकानाच्या पार टोकाला गेले, आमच्याकडे पाठ केली आणि दुकानदाराशी गप्पा मारायला लागले. आधी तो शंभर वॅटवाला वाजला. दुकान लहान, म्हणून त्याचा आवाज अगदी कमी ठेवावा लागला. सिंहाला कुजबुजायला सांगावं तसं ते झालं. बाबांच्या गप्पा चालूच राहिल्या. दुसरा वाजला, तिसरा वाजला, गप्पा चालूच. मग मी वाजलो. बाबा पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगत होते, ते मध्येच थांबले.

"पुढे काय झालं टाकीचं?" दुकानदाराने विचारलं.

"कसली टाकी? हा कोणता वाजतोय?"

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी मुलीला मला उचलून दोन मजले चढून यायला सांगितलं.

"अहो, हल्ली सगळीकडे लिफ्ट असते," दुकानदार म्हणाला.

"ज्या दिवशी कार्यक्रम, त्या दिवशी लिफ्ट बंद. रोज त्याच दुरुस्त करतो मी."

"तरी बघा, त्या मोठ्याला पाच वर्षांची वॉरंटी आहे."

"हिच्या पाठीला आहे का?"

अशा रीतीने मी त्यांच्या घरी आलो.

ती वर्षं छान गेली. वाढदिवस, वाचनालयाचा हॉल, फर्निचरच्या एका दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे मी गेलो. बाबा बरोबर असायचे. आल्या आल्या एक खुर्ची शोधायची, मला तिच्यावर बसवायचं आणि मागे टेकवायचं, ही त्यांची शिस्त होती. जमिनीवर ठेवलेला अॅम्प्लिफायर ऐकणाऱ्यांच्या गुडघ्यांशी बोलतो, आणि गुडघ्यांना कान नसतात, असं ते सगळ्यांना सांगायचे. लोक मला पाहून हसायचे आणि ऐकून गप्प व्हायचे. मला ते फार आवडायचं.

मग बाबा आजारी पडले. पलंग खिडकीशी आला आणि मी पलंगाशी. मुलगी संध्याकाळी त्यांच्यासाठी अगदी हळू वाजवायची. बारीक सूर त्यांना टोचायला लागले होते. आवाज लहानमोठा करायच्या बटणाशेजारी माझ्या कपाळावर आणखी तीन बटणं आहेत, जाड आवाजाचं, मधल्या आवाजाचं आणि बारीक आवाजाचं. एकदा त्यांनी पडल्या पडल्या हात लांब केला, जाड आवाज वाढवला, बाकीचे दोन्ही उतरवले. खोलीत मऊ, उबदार आवाज पसरला.

"बस्स," ते म्हणाले. "आता असंच राहू दे."

त्या महिन्यात ते गेले.

मुलीने ते वाक्य मनात धरलं. फडक्याच्या धक्क्याने बटणं हलू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन पदर. माझ्यावर चादर घातली. गिटार पेटीत गेली. मग चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, त्यांच्यावर वर्तमानपत्रं, त्यांच्यावर पंख्याचं रिकामं खोकं. दोन वर्षं मी टेबल होतो. ती माझ्याजवळून जायची तेव्हा तिची पावलं किंचित भरभर पडायची.

एके सकाळी तिची आतेबहीण आली. ही गाते. आल्या आल्या तिने खोकं उचलून बाजूला ठेवलं.

"वरच्या रस्त्यावरचं ते हॉटेल आहे ना, तिथे रविवारी दुपारी गायचंय. मालक एकदा ऐकणार. आवडलं तर दर रविवार आपला."

"मी नाही वाजवत आता."

"मग विक की गिटार. ठेवून काय लोणचं घालणार आहेस?"

मुलगी बराच वेळ कपड्यांच्या घड्या करत राहिली. आधीच घातलेल्या घड्या होत्या त्या.

"एकदा येते," ती शेवटी म्हणाली. "नाही जमलं तर गिटार आणि हा, दोन्ही विकून टाकीन. मग मला परत विचारायचं नाही."

मित्रांनो, चादरीखाली माझं काय झालं असेल याची कल्पना करा. विकलं जाण्याची मला भीती नव्हती. ती पुन्हा कधीच वाजवणार नाही, याची होती.

हॉटेल दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती, हे वेगळं सांगायला नको. दोघींनी मला धरून वर आणलं आणि काचेच्या मोठ्या खिडकीला लागून एका खुर्चीवर बसवलं. मालक लांबच्या भिंतीशी कांदा-बटाट्याची यादी घेऊन बसले होते.

"माझी अट साधी आहे," ते तिथूनच म्हणाले. "पुढच्या टेबलाला आपसात बोलता आलं पाहिजे आणि इथे मागे गाण्याचे शब्द कळले पाहिजेत."

दोघींनी सुरुवात केली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याची मलाच लाज वाटली. गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. आतेबहिणीचा गळा त्यात बुडून गेला.

"अहो, शब्द कुठायत?" मालक ओरडले. "नुसतं घुमतंय!"

मुलीने आवाज वाढवला. मांडणीतले पेले थरथरायला लागले आणि वाढपी धावत जाऊन त्यांना धरून उभा राहिला.

"एक वाजता लोक येतील," मालक यादी मिटत म्हणाले. "मोठं मशीन भाड्याने आणा, नाहीतर आज राहू द्या."

मुलगी गिटारची वायर काढायला वाकली. आतेबहीणही वाकली आणि तिला माझं कपाळ दिसलं.

"ही पट्टी कसली?"

"हात लावू नकोस. खालची बटणं बाबांनी लावलीयत. असंच राहू दे म्हणाले होते."

आतेबहीण फरशीवर बसली. मग हळूच म्हणाली, "अगं, मामांनी ते पडून ऐकण्यासाठी लावलं होतं. इथे कुणी पडलेलं नाहीये."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला नीट पाहिलं. मग तिने पट्टीच्या कडेखाली नख घातलं. पिवळी पडलेली पट्टी चर्र करून निघाली. ती तिने टाकली नाही, माझ्या पाठीवर चिकटवली.

बटणं धुळीने खरखरली. तिने प्रत्येक बटण दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तेव्हा कुठे खरखर गेली. मग तिने जाड आवाज उतरवला, मधला चढवला, बारीक थोडा वर घेतला. आवाज काचेला लागून घुमू नये म्हणून मला तिच्यापासून चार पावलं पुढे ओढलं आणि एक तार छेडली.

पहाटे खिडकी उघडावी तसा सूर बाहेर पडला.

मालकांनी मान वर केली. "हां! आता कसं!"

एक वाजता हॉल भरला. चमचे वाजत होते, मुलं टेबलांखालून पळत होती. दोघींनी पहिलं गाणं घेतलं, दुसरं घेतलं. पुढच्या टेबलावर एक आजोबा नातीला गणित समजावत होते, त्यांना आवाज चढवावा लागला नाही. तिसऱ्या गाण्याला स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आचारी डाव हातात घेऊन चौकटीत उभा राहिला. तेवढ्यात मागच्या भिंतीशी बसलेल्या आठजणांपैकी एका बाईंनी हात वर केला. मुलीची बोटं थबकली.

"ताई, जरा मोठं करा ना! सगळं पुढच्यांनाच काय म्हणून?"

हॉल हसला. मुलगीही हसली. तिने माझं आवाजाचं बटण वाढवलं. ते अजून निम्म्यावरही आलं नव्हतं, मित्रांनो! माझ्यात केवढा तरी आवाज शिल्लक होता. मी छाती फुगवून गायलो. गाणं संपलं तेव्हा वाढप्याने हातातलं ताट टेबलावर ठेवून टाळ्या वाजवल्या. मालकांनी यादीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'दर रविवारी' असं लिहिलं आणि तो कागद मुलीच्या हातात दिला.

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. आजवर आमचा एकही रविवार चुकलेला नाही. पुढच्या महिन्यात दोघींना तीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात बोलावलं आहे. तिथल्या माणसाने फोनवर विचारलं, मोठा अॅम्प्लिफायर आणणार ना? मुलगी म्हणाली, "नाही. आमच्याच्या तोंडासमोर तुमचा माईक ठेवा." एवढा मान माझ्या वरच्या फळीवरच्या भावांनाही मिळाला नसेल.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. माझ्यासारख्यांना ओलीत ठेवू नका, आमच्यावर पेला ठेवू नका, वायर हिसडून काढू नका. आणि तुमचं एखादं माणूस गेलं, त्याची वस्तू मागे राहिली, तर तिला चादर घालून बसवू नका. तिला वापरा. त्या माणसाने लावलेलं बटण तुम्ही फिरवलंत म्हणून ते रागावणार नाही. हॉल बदलला की बटण फिरवावं लागतं, हे त्याला तुमच्याआधीपासून ठाऊक असतं.