न्योक्कोला समुद्र दाखवायचा होता

मुलांनो, डोळे मिटा आणि एका छोट्या निळ्या गाडीत बसा. जरा अंग चोरून हं, मागची सीट न्योक्कोनं अडवली आहे. न्योक्को म्हणजे उकडलेल्या बटाट्यासारखा गोल, पिवळट कुत्रा. त्याच्या पोटाखाली पाय उबेला घालून बसली आहे ती आठ वर्षांची ओत्ताविया. गाडी चालवताहेत तिचे पप्पा, फुल्वियो. आईला सुट्टी मिळाली नाही.

न्योक्कोनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. उन्हाळ्यात किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी, त्यामुळे दर ऑगस्टला त्याची रवानगी शेजाऱ्यांकडे. हिवाळ्यात मात्र किनारा मोकळा असतो. पण उद्या सकाळीच घरी, तोरिनोला परतायचं होतं. हातात होती ती एवढी एकच दुपार.

घाटात बर्फ, मग बोगद्यामागून बोगदे, आणि एकदम लख्ख ऊन. समुद्रकाठच्या नोली गावात एर्सिलिया आजी दारातच उभी होती, हनुवटीपर्यंत लोकरीत गुंडाळलेली. पप्पांनी तिच्यासाठी आणलेला हेझलनटचा केक पुढे केला. आजीनं डब्याचं झाकण उघडलं, तर आत अर्धाच केक.

"जावईबापू, तोरिनोत हल्ली अर्धाच भाजतात वाटतं?"

पप्पांनी छताकडे पाहिलं. "ते... न्योक्कोनं... पेट्रोल भरायला थांबलो होतो ना, तेव्हा..."

"असं? मग आज समुद्राचं नाव काढायचं नाही! खाल्ल्यावर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नसतं. पोटात पेटके येतात."

"आजी, तो कुत्रा आहे!"

"मग कुत्र्याला पोट नसतं? याच्याकडे तर पोटाशिवाय दुसरं काही दिसत नाही मला."

या नियमापुढे कुणाची मात्रा चालत नसे. आणि तीन तासांनी तर काळोख पडला असता.

लांबून बघायला तेवढी परवानगी मिळाली, पण आजी स्वतः खुर्ची घेऊन किनाऱ्यावर पहाऱ्याला आली. न्योक्को लाटांकडे बघून कुईकुई करत होता. ऊन डोंगराकडे सरकत होतं. पट्टा धरून धरून ओत्तावियाचे हात अवघडले आणि डोळे भरून आले.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "पेट्रोल भरताना न्योक्को तर माझ्याबरोबर फिरत होता."

पप्पा खोकले. मग न्योक्कोकडे न बघता आजीला म्हणाले, "आई, केक मी खाल्ला."

"ते मला झाकण उघडलं तेव्हाच कळलं. कुत्रं काय सुरीनं सरळ काप काढतं होय? म्हटलं बघू, जावईबापू कधी तोंड उघडतात! या, बसा आता माझ्या या खुर्चीत. तीन तास."

"अहो, या थंडीत मी कुठे पोहायला निघालोय?"

"नियम म्हणजे नियम!"

ओत्तावियानं पट्टा सोडला. न्योक्को बाणासारखा सुटला. पहिली लाट पंजांवर आली मात्र, तो तसाच उलटा फिरला आणि थेट पप्पांच्या खुर्चीखाली शिरला. पप्पा हसले, आजी तर डोळे पुसपुसून हसली.

ओत्ताविया हसली नाही. ती खाली बसली. तिनं एक बूट काढला, मग दुसरा.

"ए पोरी, मोजे! मोजे काढू नकोस, गारठशील!" आजी ओरडली.

तोवर दोन्ही मोजे वाळूवर पडले होते. ओत्ताविया घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली, आणि दात कडकड वाजत असताना तिनं न्योक्कोसाठी दोन्ही हात पसरले.