जात्याच्या आडून

दलिचंदशेठ माणूस हौशी. धुळ्याच्या क्लबात साहेबांच्या मडमा येतात, त्यांच्याशी आपल्या बायकोनं चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत असं त्यांच्या मनानं घेतलं आणि राजकुंवरची रवानगी दर गुरुवारी दुपारी देवपूरला कुंदाबाईंच्या क्लासला झाली. जी बायको घरातच तोंड उघडत नाही, ती परक्या भाषेत कशी उघडणार, हे काही शेठना सुचलं नाही. हौशी माणसांचं असंच असतं.

नशिराबादहून लग्न होऊन आल्याला तिला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत सासऱ्यांनी, केवलचंदशेठनी, सुनेचा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्यासमोर घूंघट खाली आणि जीभ आत. सासूशी बोलायचं तेही कुजबुजत. आणि क्लासला सोबत म्हणून यायची कोण, तर सासूच! भंवरीबाई ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसत, हातात माळ. मग सुनेच्या तोंडून कसलं गुड मॉर्निंग आणि कसलं काय. नुसते ओठ हलत.

कुंदाबाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक, पण मनानं लोण्यासारख्या. दोन गुरुवार त्यांनी हा मुका प्रकार पाहिला. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी ज्वारीची पाटी भंवरीबाईंपुढे ठेवली.

"बसल्या बसल्या एवढं दळून देता का? माझा खांदा धरलाय."

भंवरीबाई जात्याशी बसल्या. बाईंनी राजकुंवरला ओसरीच्या एका टोकाला उभं केलं, आपण दुसऱ्या टोकाला गेल्या. मधे जात्याची घरघर.

"आता बोल. मला ऐकू नाही आलं तर तुझा दोष. सासूबाईंना ऐकू आलं तर माझा."

आधी काही जमेना. मग एकदाचं राजकुंवरनं डोळे मिटले आणि घरघरीच्या वर आवाज चढवला. "आय ॲम राजकुंवर! आय लिव्ह इन धुळे!" स्वतःचा आवाज एवढा मोठा असेल हे तिला ठाऊकच नव्हतं. ती घाबरली आणि मग हसली. त्यानंतर दर गुरुवारी कुंदाबाईंचा खांदा धरू लागला.

महिन्याभरानं ती बाईंच्या कानाशी लागली. "बाई, हवापाण्याची वाक्यं पुरे झाली. अंगावरून रक्त जातं, थांबत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं?"

कुंदाबाई तिच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बघत राहिल्या. दिवाळीत तिसऱ्या महिन्यात पोट पडलं होतं, तेव्हापासून हे चाललं होतं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई. धुण्यावरून सासूला कळलं होतं, पण दोघींनी शब्द काढला नव्हता. दवाखान्यात ती दोनदा जाऊन आली होती. तिथली डॉक्टर मडम नवी, मराठीचा गंध नाही. पडद्याबाहेर हिलाल कंपाउंडर उभा राहून दोन्हीकडचं ओरडून सांगे, आणि त्याच्या मागे व्हरांड्यात पुरुषमाणसं बसलेली. मग कोणती बाई खरं सांगेल? दोन्ही वेळा राजकुंवर "पोट दुखतं" म्हणाली आणि गुलाबी औषधाची बाटली घेऊन परत आली. तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईचं पोटच दुखे. रांगेतली एक शेतकरीण म्हणालीसुद्धा, "बठ्ठ्यासनं पोटच दुखस आठे, माय."

कुंदाबाईंनी जाडजूड डिक्शनरी काढली. असलं वाक्य आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी शिकवलं नव्हतं, याची त्यांना लाज वाटली. ते वाक्य राजकुंवरनं जात्याच्या आडून वीसदा म्हटलं.

पुढच्या सोमवारी ती दवाखान्यात गेली. दलिचंदशेठ कापसाच्या खरेदीला जळगावला, म्हणून व्हरांड्यात सासरे बसले. आत मडम, राजकुंवर आणि भंवरीबाई. बाहेरून हिलालचा आवाज आला, "बाई, काय होतंय?"

राजकुंवरनं तोंड उघडलं आणि मिटलं. खोलीत इतकी शांतता, की सासऱ्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. आजही पोटच दुखणार असं तिला वाटलं आणि रडू आलं.

तेवढ्यात खाली घरघर झाली. भंवरीबाईंनी फरशीवर फतकल मारली होती. सोबत आणलेला पितळेचा तांब्या पालथा घालून त्या तो फरशीच्या दगडावर गोल गोल फिरवत होत्या, जोर लावून, सुनेकडे न बघता. मडम थक्क होऊन बघत राहिली.

राजकुंवरनं डोळे मिटले. "आय ॲम ब्लीडिंग. फोर मंथ्स. इट डझ नॉट स्टॉप."

मडम एकदम खुर्ची पुढे ओढून जवळ आली. तिनं एकेक सोपा प्रश्न सावकाश विचारला, राजकुंवरनं उत्तरं दिली. तपासणी झाली. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेईन, छोटंसं काम आहे, बरी होशील, असं मडम म्हणाली, आणि राजकुंवरला ते सगळं समजलं.

तांब्या थांबला होता. भंवरीबाई मात्र उठल्या नाहीत.

"बींदणी," त्या फरशीकडे बघत सुनेला म्हणाल्या, "माझंही सांग तिला. धाकटीच्या बाळंतपणापासून अंग बाहेर येतं. अठरा वर्षं झाली."

राजकुंवर सुन्न झाली. अठरा वर्षं ही बाई जात्याशी बसत होती, पाणी ओढत होती. क्लासला सोबत आली, ओझं ओढल्यासारखा जोर लावून दळत राहिली आणि हूं की चूं केलं नाही. हे दुखणं सांगणारं वाक्य कुंदाबाईंनी शिकवलं नव्हतं. सासूला इंग्रजीत म्हणायचा लांबलचक शब्द तेवढा शिकवला होता, पण तो तिच्या ओठांवर आलाच नाही.

"माय मदर," ती म्हणाली. घरघर नव्हती, तरी आवाज स्वच्छ आणि मोठा निघाला. "आफ्टर बेबी. एटीन इयर्स. शी टोल्ड नोबडी. प्लीज सी हर."

बाहेर व्हरांड्यात केवलचंदशेठनी मान वर केली. सुनेचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी अभिमानानं हिलालला विचारलं, "आमची सून! काय म्हणते रे?"

हिलालनं आतला शब्दन् शब्द ऐकला होता.

"हवापाण्याचं बोलताहेत, शेठ," तो म्हणाला आणि पडद्यापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.