तारकर्लीचा टी

रसिकाच्या डोक्यात सकाळपासून एकच शब्द ठणकत होता. स्पेलिंग.

देवबागला घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवत असे. आताची वेबसाइट जिल्ह्यातल्या न्याहारी निवासांची होती. पुण्यात ती सुरळीत उघडे, रसिकाच्या कॉम्प्युटरवर मात्र एकही फोटो सापडेना. स्क्रीनवर आलेला एररचा मजकूर तिने ग्रुपवर टाकला. त्यात तारकर्लीच्या फोल्डरच्या इंग्रजी नावातला पहिला टीच नव्हता. टीमप्रमुख प्रीतमने सगळ्यांदेखत खाली लिहिलं, की रसिकाने आधी स्पेलिंग तपासावं, आणि आजच्या मीटिंगनंतर हे काम पुण्यातल्या सृष्टीकडे जाईल.

प्रीतम मूळचा देवगडचा, म्हणजे तिच्याच जिल्ह्यातला. परका असता तर तिने गिळलंही असतं. पण देवबागच्या माणसाला तारकर्ली लिहिता येत नाही? गावातून बाहेर पडायचा रस्ताच तारकर्लीतून जातो.

तिने फोल्डर तपासला. टी जागच्या जागी होता. ती शिव्या घालत कीबोर्डवर बोटं आपटत राहिली.

"कोणाक गो गाळी घालतंस?" आई, सावित्री, ओसरीवरून म्हणाली. बाजूच्या खोलीत पर्यटक उतरलेले. "पावणे आयकतत."

"आयकांदेत."

पुढे निवती गावाच्या फोल्डरचा एरर आला. त्यात फाइलचा पत्ता दोन ओळींत तुटलेला, आणि नावातला पहिला एन गायब. तेव्हा तिच्या लक्षात आलं. फाइलचा पत्ता लिहिताना पुण्याच्या मॅकवर फोल्डरांच्या मधली तिरकी रेघ एका बाजूला झुकते, तिच्या विंडोजवर उलट्या बाजूला. आणि जावास्क्रिप्टमध्ये त्या उलट्या रेघेला लागून टी आला की दोन्ही मिळून नुसती मोकळी जागा होते, एन आला की नवी ओळ. वेबसाइट बांधणारी स्क्रिप्ट तो पत्ता जसाच्या तसा कोडमध्ये ओतत होती. ती स्क्रिप्ट प्रीतमने लिहिली होती. मॅकबाहेर त्या स्क्रिप्टने कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

पत्ता कोडमध्ये जाण्याआधी उलट्या रेघा सुलट करायच्या, एवढीच दुरुस्ती. तिने केली. फोटो आले. राग मात्र जागचा हलला नाही.

मीटिंगमध्ये तिने स्क्रीन दाखवून सगळं समजावलं. प्रीतम प्रमाण मराठीत म्हणाला, ठीक आहे, काम तुझ्याकडेच राहू दे, पण विंडोजवर असे प्रश्न यायचेच, तू मशीन बदलायचं बघ.

ऑफिसात ती कधी मालवणी बोलत नसे. आज बोलली.

"तारकर्लीचो टी तुझ्या स्क्रिप्टीन खाल्ल्यान, प्रीतम. माझ्या मशिनान नाय. आणि स्पेलिंग तू माका शिकवतस?"

सृष्टीने हसू दाबलं. प्रीतम म्हणाला, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस.

"बारीक गजाल आसा ना? मगे लिव ग्रुपवर. जंय स्पेलिंग लिवलंस, थंयच."

मीटिंग संपली. थोड्या वेळाने ग्रुपवर प्रीतमची ओळ आली: स्क्रिप्टमधली चूक दुरुस्त झाली आहे.

झाली आहे. जशी काही आपोआप पडली आणि आपोआप उठली.

काम तर तिच्याकडेच राहिलं होतं. गप्प बसली असती तर दिवस गोडीत संपला असता. रसिकाने त्याच ओळीखाली लिहिलं, "कोणाची?" आणि पाठवून दिलं.