बर्गी, बादल आणि मी

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुना लाकडी दांडा आहे आणि आरडाओरडा ऐकून ऐकून दमलो आहे. फुटबॉलच्या गोलला दोन उभे खांब असतात आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवा दांडा असतो, तो मी. कोलकात्यात मला 'बार' म्हणतात. मैदानात आता माझ्या जागी लोखंडी बार आला आहे. मी बागबाजारच्या नवमैत्री संघाच्या कचेरीमागे, पत्र्याच्या आडोशाला पडून असतो. दोन्ही टोकांखाली विटा आहेत, तेवढीच माझी बडदास्त.

माझा जन्म खिदिरपूरचा. तिथल्या गोदीत एक म्हातारे जहाज मोडीत निघाले आणि त्याच्या सागवानी तुळईतून एका सुताराने मला कापून काढले. रंधा मारला, पांढरा रंग दिला. मला वाटले, समुद्राचे हेलकावे संपले, आता निवांत राहायचे. कसले निवांत! पहिल्याच दिवशी चेंडू असा येऊन आदळला की खांबांसकट हादरलो. पुढे मार खाणे हाच माझा धंदा झाला. चेंडू माझ्याखालून आत गेला तर कौतुक मारणाऱ्याचे, मला लागून परत आला तर शिव्या मला.

त्या शिव्यांमुळेच तर मला मराठी येते. श्यामकांत नावाचा एक उंच, दणकट मुलगा आमच्याकडे खेळायला येऊ लागला. वडील कस्टममध्ये, बदलीने इकडे आलेले. पुढे वडिलांची पुन्हा बदली झाली, पण श्यामकांत बँकेत लागला आणि इथेच, शहरातल्या बालीगंजला राहिला. त्याचा फटका मला लागून परत आला की तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मेल्या, बोटभर वर सरकला असतास तर काय बिघडलं असतं?" इतक्या प्रेमाने मला दुसरे कोणी कधी बोलले नाही.

फार पूर्वी मराठा घोडेस्वार बंगालवर चालून येत. त्यांना इथे बर्गी म्हणत. त्यांच्या भीतीने शहराभोवती जो खंदक खणला, तो याच बागबाजारापासून. आणि आता त्याच बागबाजारात एक मराठी गडी येऊन गोल करत होता! लोकांनी त्याचे नावच बर्गी ठेवले. तो चिडला नाही, उलट हाकेला ओ देऊ लागला.

बर्गीचा जोडीदार बादल. हा इथलाच, मैदानामागच्या गल्लीतला, बुटका आणि पाऱ्यासारखा चपळ. दोघेही स्ट्रायकर. एक फटका मारायचा, दुसरा सुटलेला चेंडू आत ढकलायचा. सामना संपला की दोघे माझ्याखाली पाय पसरून बसत आणि एकाच पुडीतली झालमुरी, म्हणजे इथली तिखट भेळ, खात. शेवटचा दाणा कोणी खायचा यावरून तेवढे भांडण होई. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

मग ढालीच्या स्पर्धेचा तो अंतिम सामना आला. मैदानाचा चिखल झाला होता, वेळ संपत आली होती. श्यामकांतने घसरता घसरता फटका मारला. चेंडू माझ्या पोटाला लागला, खाली गोलरेषेपाशी पडला आणि बादलने झेप घेऊन डोक्याने आत लोटला. शिट्टी झाली. गोल! ढाल आमची! त्या दिवशी गोल कोणाचा हे एकानेही विचारले नाही. तो सगळ्यांचा होता.

विचारले ते पुढे, दोघांचे खेळणे संपल्यावर. संघाने नवी कचेरी बांधली आणि भिंतीवर एक पाटी लावली. वर सुंदर अक्षरांत लिहिले, 'संघाचा सर्वश्रेष्ठ स्ट्रायकर', खाली नावासाठी जागा सोडली. ठरवले असे की ज्याचे नाव तिथे लागेल त्याने बारपूजेचा पहिला टिळा लावायचा. आपण दसऱ्याला अवजारे पुजतो ना, तसे इथले फुटबॉलवाले बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, पोइला बोइशाखला, बार पुजतात. लोखंडी बार आला तरी पूजेचा मान माझ्याकडेच राहिला. वर्षातून एक दिवस शेंदूर आणि झेंडूचा हार, बाकीचे दिवस वाळवी.

नाव लावायला गेले तर अंतिम सामन्यातला तो गोल सोडून दोघांचे गोल सारखेच भरले! आता सगळे त्या एका गोलवर आले. चेंडू माझ्यावरून खाली पडला तेव्हाच रेषेच्या आत गेला असेल, तर गोल श्यामकांतचा. नसेल गेला, तर बादलचा. झाले! संघात दोन पक्ष पडले. बादलच्या पक्षाचा म्होरक्या नाडू, बर्गीच्या पक्षाचा हाराधन. दोघेही सामन्याच्या दिवशी मैदानात होते आणि दोघेही त्या वेळी पावसामुळे पानाच्या टपरीत उभे होते. पण आपापले घोडे दामटण्यापासून त्यांना कोण थांबवणार?

"बादलदा स्वतः म्हणाले, गोल माझा," नाडू टेबलावर मूठ आपटायचा.

"बर्गीदांनी मला सांगितलंय, बादल खोटं बोलतो," हाराधन त्याहून मोठी मूठ आपटायचा.

चहा थंड व्हायचा, वाद नाही. कोणीतरी उसासा टाकून म्हणायचे, "बार बोलू शकला असता तर!" पाटीवरची जागा रिकामीच राहिली, पहिला टिळा दरवर्षी भटजीच उरकू लागले. आणि एक गोष्ट या शहाण्यांच्या लक्षातच आली नाही. बादल आणि श्यामकांत एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एक आला की दुसरा उठून जाई. मग दोघेही येईनासे झाले. मला फार वाईट वाटायचे, मित्रांनो. झिजणे, कुजणे सोसता येते, पण आपल्या सावलीत बसलेले दोघे असे तुटलेले बघवत नाहीत.

यंदाच्या पोइला बोइशाखला सकाळी श्यामकांत आला. हातात काठी होती, बरोबर मुलगी विनीता. बालीगंजची जागा आवरून ती त्याला कायमचे पुण्याला न्यायला आली होती. गाडी त्याच संध्याकाळची होती. हार घालून मला मैदानात मांडले होते. त्याने वाकून माझ्यावर हात ठेवला. हात हलका झाला होता, पण मी ओळखला.

"मेल्या, तू पण म्हातारा झालास की," तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून त्याने हाराधनला विचारले, "बादल नाही आला?"

"तुम्ही असताना ते कसे येतील?" नाडू मध्येच बोलला. "आधी गोलचं कबूल करा."

"कबूल काय करायचं? आज टिळा बर्गीदाच लावणार!" हाराधन ओरडला. झाले, पुन्हा मुठी वर. भटजी घड्याळाकडे बघत बसले. श्यामकांतने मान खाली घातली. तो टिळ्यासाठी आला नव्हता, हे मला कळत होते. जाण्यापूर्वी त्याला बादलला एकदा बघायचे होते, आणि ते बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"बाबा, बादलकाका राहतात कुठे?" विनीताने विचारले.

"राहू दे गं. त्याला नकोय माझं तोंड बघायला."

"असं ते म्हणाले?"

"लोक सांगतात."

"लोकांचं सोडा, घर सांगा." तिने भटजींनाच पत्ता विचारला आणि तरातरा निघाली. घर कुठे, तर मागच्याच गल्लीत! इतक्या वर्षांत एवढे चार पावलांचे अंतर कोणी चालून गेले नव्हते.

ती परतली तेव्हा तिच्या दंडाला धरून एक वाळलेला म्हातारा येत होता. घाईत त्याने कुडता उलटा घातला होता. पुढचे बोलणे बंगालीत झाले, मी तुमच्यासाठी ते मराठीत सांगतो.

"काय रे बर्गी," बादल म्हणाला, "न सांगता पळून चालला होतास?"

"तू मला खोटारडा समजतोस म्हणे. मग काय सांगायला येऊ?"

"मी? अरे, तूच मला खोटारडा म्हणालास. गोल माझा म्हणून गावभर सांगत सुटलास."

"मी कधीच कोणाला काही सांगितलं नाही, बादल."

"मीही नाही रे."

दोघांनी नाडू आणि हाराधनकडे माना वळवल्या. नाडू लगबगीने उदबत्ती शोधू लागला. हाराधन प्रसादाची काकडी अशी मन लावून चिरू लागला की बघत राहावे.

श्यामकांतने काठी बाजूला ठेवली. त्याने मला नमस्कार केला आणि सरळ माझ्यावर बसला. भटजी ओरडले, "अहो, पूजेचा बार आहे तो! बसायचं नसतं!"

"बसू द्या हो," बादल म्हणाला. "देव दमला नसेल, आम्ही दमलोय." आणि तोही शेजारी टेकला. दोघांचे मिळून वजन ते किती! दोघेही पार वाळले होते. मला रडू आले.

"आता खरं सांग," श्यामकांतने हळूच विचारले. "चेंडू आधीच आत गेला होता का?"

"मला काय ठाऊक? तू धडपडत अंगावर येत होतास. भीतीने मी डोळे मिटले होते. तू बघितलंस?"

"माझं तोंड चिखलात होतं."

दोघे हसायला लागले. हसता हसता बादलने डोळे पुसले आणि मग कितीतरी वेळ श्यामकांतचा हात सोडला नाही.

मित्रांनो, आता तुम्ही मला विचाराल. मलाही ठाऊक नाही. पोटात एवढा मार बसल्यावर रेषेकडे कोण बघतो? ज्या एका गोलवरून ही दोस्ती मोडली, तो तिघांपैकी कोणीच पाहिला नव्हता.

संध्याकाळी श्यामकांत पुण्याला गेला. पाटी अजून कोरीच आहे. नाडू आणि हाराधनला आता नवा विषय मिळाला आहे, त्या दिवशी दोघांत आधी कोण हसले. रोज उन्हे उतरली की बादल एकटाच झालमुरीची पुडी घेऊन येतो आणि माझ्या एका कडेला बसतो. दुसरी कडा बर्गीसाठी मोकळी सोडतो. शेवटचे चार दाणे तिथे माझ्यावर ठेवून उठतो. चिमण्या येऊन खातात.

मोठा कोण यावर तुम्ही खुशाल वाद घाला. पण ज्यांच्यावरून घालता, ते जवळच कुठेतरी राहत असतील. त्यांना जाऊन एकदा विचारा, ते थकण्याआधी विचारा. आणि ते आले, तर त्यांना टेकायला काहीतरी द्या. वाळवीने पुरते खाल्ले नाही, तोवर मी आहेच.