बोटभर उचललेला शाफ्ट

मित्रांनो, मी तेलाच्या दाबावर ओझं उचलणारा एक जुना जॅक आहे आणि आधीच सांगून टाकतो, भित्रा आहे. कोरियातल्या कोजे बेटावर, जहाजं बांधण्यातच माझा जन्म गेला. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जाणारा अजस्र फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, मी खालून उचलतो. सगळे म्हणतात, "काय ताकद आहे!" पण डोक्यावरचं ते ओझं बघून माझ्या काळजाचं पाणी पाणी होतं, हे कुणाला ठाऊक?

जहाज पाण्यात उतरलं की किंचित वाकतं. मग शाफ्टचा भार त्याला पेलणाऱ्या एखाद्याच बेअरिंगवर पडतो आणि भर समुद्रात ते जळतं. म्हणून आम्ही सगळं पुन्हा जुळवतो. मी बेअरिंगसकट शाफ्ट बोटभर उचलतो आणि आमची फिटर जंगओकताई उंची जुळवायला खालची पोलादी पट्टी बदलते.

त्या दिवशी आतलं तेल अडवणारं माझं सील झिजलं होतं. आठवडाभर तेल पाझरत होतं, पण कुणी बघेल तर शपथ!

"ताई, आधी शाफ्टखाली आधाराचा ठोकळा लावू?" फोरमन गिसपने विचारलं.

"एका पट्टीसाठी? राहू दे रे! घरी किमचीच्या लोणच्याचा कोबी मिठात पडलाय, नणंदा बाह्या सरसावून बसल्यात. उशीर झाला तर वर्षभर किमचीऐवजी टोमणे खाईन!"

दोघंही हसले. मला मात्र धडकी भरली. ताईची बोटं बेअरिंगखाली गेली आणि मला जाणवलं, माझा दाब सुटतोय. ओरडू कसा? मला तोंड कुठंय! तेवढ्यात सीलमधून तेलाची पिचकारी उडाली, थेट तिच्या मनगटावर.

"शी! मेला रडका!" तिने हात मागे ओढला.

धाड्! शाफ्ट खाली बसला. तिचा सैल हातमोजा मात्र आतच राहिला, पापडासारखा चपटा.

"ताई... बोटं?" गिसप पांढराफटक पडला होता. "मी तुझं ऐकायलाच नको होतं गं."

तिने एकेक बोट हलवून पाहिलं आणि मटकन बसून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. ताज्या किमचीचं पान गुंडाळून तिने गिसपला हाताने भरवलं. "नणंदा म्हणतात, यंदा मीठ जास्त झालंय."

"झालंय खरं," तो डोळे पुसत म्हणाला.

मला नवं सील मिळालं. तरी ताईने आधी ठोकळा सरकवला. मग मिरचीने लाल झालेली बोटं माझ्यावर ठेवून म्हणाली, "रागावू नकोस हं." रागावतो कशाला? तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, आमची निगा राखा, गळतं तेल बघत जा. पण मी कितीही नवाकोरा दिसलो, तरी नुसत्या माझ्या भरवशावर बोटं घालू नका. मी अजूनही घाबरतो.