एक लाख एकवीस हजार एकशे तीन

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सर भागाकार करत बसले होते. आत त्यांची बायको होती, पोटातली रक्तवाहिनी फुटलेली. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर छापलेला नंबर, १२११०३, त्यांच्या डोक्यात जाऊन बसला होता. जन्मभर लोकांच्या शकुन-अपशकुनांची टर उडवणाऱ्या ह्या गणिताच्या मास्तरानं मनाशी पैज लावली होती: हा आकडा अभाज्य निघाला, कशानंच भाग गेला नाही, तर ती वाचेल. असलं खूळ शहाण्या माणसाच्याच डोक्यात शिरतं.

तीननं भाग गेला नाही. सातनं नाही, अकरानं नाही. औषधांच्या पावतीची मागची बाजू भरली, गोळ्यांचं खोकं भरलं, तसे ते स्वतःच्या तळहातावर उतरले. शंभरी ओलांडली, दोनशे ओलांडले. दर वेळी बाकी उरली की त्यांच्या जिवात जीव यायचा.

"अरे, घोटभर पाणी तरी घे," शेजारी बसलेली थोरली बहीण म्हणाली.

"थांब ताई. शेवटचा एकच राहिलाय, तीनशे सत्तेचाळीस. त्याच्या पुढे बघावंच लागत नाही."

"मग?"

"मग ती घरी येते."

तीनशे सत्तेचाळीसनं भाग गेला. पूर्ण गेला, तीनशे एकोणपन्नास वेळा. खरं तर हा आकडा म्हणजे तीनशे अठ्ठेचाळीसच्या वर्गाला एक कमी. असा आकडा दिसला की भाग जाणारच, उगाच घाम गाळू नका, हे ते दर वर्षी नव्या पोरांना पहिल्याच तासाला सांगत. पण भीतीपुढे कसलं डोकं चालतंय!

मग त्यांनी घासाघीस सुरू केली. अभाज्य नसेना का, पण दोनच अभाज्यांचा गुणाकार आहे, तेही जुळ्यांचा, दोघांत फक्त दोनचा फरक. असे आकडे काय रस्त्यावर पडलेत? आणि आकडा सोडून उरलेल्या भाजकांची बेरीज? ती आकड्याएवढी भरली तर आकडा परिपूर्ण. सहाशे सत्त्याण्णव. लाखाच्या आकड्यापुढे एवढीशी. अशा संख्येला न्यून म्हणतात, हे आठवलं आणि त्यांनी पेन भिरकावून दिलं.

दार उघडलं. नर्स घाईत होती. "एक दोन एक एक शून्य तीनचे नातेवाईक कोण? पोट परत उघडावं लागतंय. सही पाहिजे, लगेच."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "तो नंबर आमचा नाही."

"अरे, वेड लागलं का तुला?" ताईनं त्यांचा दंड धरला.

"आमचा नाही म्हणतोय ना!"

नर्स गोंधळली. "मग कोणाचा?" म्हणत ती पलीकडच्या बाकांकडे वळली. तिथून कोणीच उठलं नाही.

सर धडपडत उठले. बाकाला अडखळले, तसेच तिच्यामागे धावले आणि शाईनं बरबटलेला हात त्यांनी सहीसाठी पुढे केला.

"आमचाच," ते ओरडले. "भाग जातो. तीनशे सत्तेचाळीसनं जातो. तरी आमचाच."